पाचव्या तासाचा ठिपका

भाचीने बाईंना दोन प्रश्न विचारले होते. एक, "मावशी, तुला नक्की काय कमी करायचंय?" आणि दुसरा, "हे ठिपके कसले?" पहिल्याचं उत्तर बाईंनी घाईत दिलं आणि दुसऱ्याचं खोटं. पुढे जे रामायण झालं ते सगळं या दोन उत्तरांतून झालं, त्यामुळे कॉम्प्युटरला दोष देण्यात अर्थ नाही. बाईंनी काही दिवस तोही देऊन पाहिला.

बाई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, पण गणिताच्या बाई म्हणून त्यांना कोणी ओळखत नसे. त्या वेळापत्रकाच्या बाई. दर सुट्टीत जेवणाच्या टेबलावर दोन मोठे कागद चिकटवून जोडायचे, पट्टीने घरं आखायची, पेन्सिल, खोडरबर आणि पंधरा दिवस. एकवीस वर्ग, चौतीस शिक्षक, दिवसाचे आठ तास. त्या पंधरा दिवसांत घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत. वेळापत्रक झालं की ते शिक्षकांच्या खोलीत टांगलं जाई आणि वर्षभर सगळे त्याला नावं ठेवत. बाई ते कौतुक समजत.

कारण त्या कागदात कोणालाही न सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी असत. भूगोलाच्या सरांचा गुडघा दुखतो, त्यांना सलग दोन तास वरच्या मजल्यावर नाही. संस्कृतच्या बाई आणि इतिहासाचे सर एका लग्नाच्या बोलण्यांवरून एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचे वर्ग शेजारी नाहीत. आणि मंगळवारी व शुक्रवारी, पाचव्या तासाला, चित्रकलेच्या सरांच्या आणि ग्रंथपालबाईंच्या घरात पेन्सिलीचा एकेक बारीक ठिपका. त्या तासाला दोघंही मोकळे.

त्या ठिपक्याची गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी तो तास चुकून जुळला होता. चित्रकलेचे सर मोकळे म्हणून ग्रंथालयात जाऊन बसले, तिथे फाटक्या पुस्तकांचा ढीग दिसला, आणि ते डिंक आणि दोरा मागून पुस्तकं शिवायला लागले. ग्रंथपालबाई समोर बसून पुस्तकांच्या पाठीवर नंबर घालायच्या. वर्षभर हे चाललं. सरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, ग्रंथपालबाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई. दोघंही मुलखाचे अबोल. पुढच्या वर्षी बाईंच्या हातून तो तास तुटला. मग एका मंगळवारी बाई जिन्यावरून उतरत होत्या, तर सर ग्रंथालयाच्या दारात उभे. आत ग्रंथपालबाई सहावीच्या पोरांना गप्प करत होत्या. सरांनी हातातलं शिवलेलं पुस्तक दाराजवळच्या टेबलावर ठेवलं, ते सरळ आहे ना ते बघितलं आणि निघून गेले. एवढंच. पण बाईंनी त्या सुट्टीत सगळ्यात आधी ते ठिपके दिले आणि मग बाकीची शाळा त्यांच्याभोवती बसवली. पुढे दर वर्षी तसंच. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

तर बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात विज्ञानाच्या तरुण सरांनी भाषण केलं, की बाईंना ज्या कामाला पंधरा दिवस लागायचे ते आता कॉम्प्युटर एका मिनिटात करेल. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या, पण हाताला टाळी आणि मनाला चटका अशी गत झाली. पुढे त्या तरुण सरांनी केलेल्या वेळापत्रकात आठवी ब ला गुरुवारी एकाच वेळी तीन शिक्षक आले आणि नववी अ ला आठवडाभर गणितच नव्हतं. नववी अ ने ही गोष्ट दोन महिने कोणाच्या लक्षात आणून दिली नाही. सुट्टी लागताच मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, स्वतः बाईंच्या घरी आले आणि म्हणाले, यंदा तुम्हीच वाचवा.

बाई हाताने करू शकल्या असत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक घरं एकात एक शिरल्यासारखी दिसत होती, हे खरं, पण मोठं कारण ते नव्हतं. कारण ते भाषण होतं. बाई म्हणाल्या, करीन, पण कॉम्प्युटरवर करीन.

भाची एका कारखान्यात हेच काम करायची. कुठला ट्रक कुठल्या रस्त्याने गेला तर डिझेल कमी लागेल, हे तिचा प्रोग्रॅम शोधायचा. ती चार दिवसांची रजा काढून लॅपटॉप घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर बसली. घरच्यांनी सवयीने ताटं मांडीवर घेतली.

भाचीने समजावलं ते बाईंना पुढे तोंडपाठ झालं. या प्रोग्रॅमला चांगलं काय, वाईट काय, काही कळत नाही. त्याला फक्त एक आकडा कळतो. आपल्याला जे हवं ते सगळं एका सूत्रात घालायचं, त्या सूत्रातून एक आकडा निघतो, त्याचं नाव ऑब्जेक्टिव्ह फंक्शन. मग प्रोग्रॅम कुठला तास कुठे टाकायचा हे लाखो वेळा उलटसुलट करून बघतो आणि तो आकडा जितका लहान होईल तितका करतो. आपण आधी ठरवून द्यायचे ते पॅरामीटर. कुठल्या त्रासाला किती वजन, किती वेळा प्रयत्न करायचा, आणि कितपत सुधारणा झाली की आता पुरे म्हणायचं.

"म्हणजे ते फार आज्ञाधारक आहे," बाई म्हणाल्या.

"फारच. म्हणून तर जपून. मावशी, तुला नक्की काय कमी करायचंय?"

बाईंना मोठ्या सरांचं बोलणं आठवलं. शिक्षकांचे मधले ऑफ तास फार होतात आणि त्या वेळात खोलीत नुसता गप्पांचा बाजार भरतो, असं ते म्हणाले होते. "मधले रिकामे तास," बाईंनी सांगून टाकलं.

मग नियम. भाची जुना तक्ता समोर घेऊन एकेक विचारत गेली आणि टाईप करत गेली. गुडघा, नियम सातवा. अबोला, नियम बारावा. बेचाळीस नियम झाले. शेवटी तिने तक्ता उजेडाकडे धरला आणि विचारलं, हे ठिपके कसले?

त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर वर्तमानपत्र परत करायला दारात उभे होते आणि समोरच्या वहिनी भांडं परत करायला येऊन खुर्चीवर टेकल्या होत्या. बावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट चारचौघांत काढायची, तीही बेचाळिसाव्या नियमानंतर, आणि ती यंत्रात टाईप होणार. काय म्हणून लिहायचं? सर आणि ग्रंथपालबाई, आठवड्यातून दोनदा, कारण? बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"डाग आहेत," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीचे."

भाचीने मान डोलावली आणि बटण दाबलं.

पहिलं उत्तर चार सेकंदांत आलं. रिकामे तास शून्य. बाईंना भरून आलं. मग भाचीने वेळापत्रक उघडलं तर सगळी शाळा कोरी. एकाही वर्गाला एकही तास नाही, एकही शिक्षक शाळेत नाही. प्रत्येक वर्गाला शिकवलंच पाहिजे हा नियम दोघींपैकी कोणीच घातला नव्हता, आणि कोणी शाळेत आलंच नाही तर कोणाचा तास रिकामा जाणार? मॅनेजर म्हणाले, "चूक काय आहे? बँकेत आम्ही हेच करायचो." बाईंना मात्र ते शाळेवर कोणीतरी टिपणी केल्यासारखं लागलं.

तो नियम क्रमांक शून्य म्हणून सगळ्यांच्या वर घातला. आता तासभर पंखा फुर्रफुर्र करून प्रोग्रॅम सत्तावीसवर अडकला. भाची म्हणाली, तो एका खड्ड्यात उतरलाय. चारी बाजूंनी चढच दिसतोय, म्हणून त्याला वाटतंय जगाचा तळ हाच. त्याला दुसरीकडून सुरुवात करून द्यायला हवी. बाईंना आपल्या नात्यातली तीनचार माणसं आठवली, ज्यांना कोणीच दुसरीकडून सुरुवात करून दिली नाही.

चार दिवस संपले, रजा संपली. भाची लॅपटॉप ठेवून गेली आणि फोनवर बोलू म्हणाली. आता टेबलावर बाई एकट्या आणि सल्ला द्यायला सगळी इमारत. मॅनेजरांचं मत पडलं की कोणालाच जास्त वजन देऊ नये, म्हणजे कोणी तक्रार करणार नाही. वहिनींचं म्हणणं, गणिताचे तास शेवटी टाका, त्यांचा मुलगा सकाळी अर्धा झोपेत असतो. दुपारी झोपत नाही का, असं बाईंनी विचारलं, तर तेव्हा पूर्ण झोपतो म्हणाल्या. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आता "वजन किती ठेवलं?" असं विचारू लागला. नव्या भाडेकरूंना वाटलं बाईंची तब्येत बरी नाही.

बाईंना वाटलं, नुसते रिकामे तास बघणं रूक्ष आहे, माणसांच्या समाधानालाही काही मोल असावं. त्यांनी चौतीस जणांना फोन करून आवडीनिवडी विचारल्या आणि समाधानाचे गुण सूत्रात मिळवले. रात्रभर यंत्र चालू ठेवलं, सकाळी उत्तर आलं, आणि बाईंनी ते कौतुकाने थेट सगळ्या शिक्षकांना पाठवून दिलं.

साडेदहापासून फोन सुरू झाले. भूगोलाचे सर आठवडाभर वरच्याच मजल्यावर होते. पीटीचा तास रोज जेवणानंतर, टळटळीत उन्हात. संस्कृतच्या बाई आणि इतिहासाचे सर सहाही दिवस शेजारी, वर एकाचा तास संपला की दुसऱ्याचा त्याच वर्गात. प्रत्येकाला जे नको ते नेमकं हुडकून दिलं होतं, एखाद्या जुन्या वैऱ्याला जमलं नसतं इतकं नेमकं. भाचीने फोनवर सूत्र वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, मावशी, प्रोग्रॅम आकडा लहान करतो ना? मग समाधान त्यात उणे करून घालायचं असतं. तू अधिक केलंस. ते कमी कमी करत गेलं बिचारं. आणि गुडघा, अबोला हे नियम? ते बाईंनी "आता समाधानातच आलं" म्हणून स्वतःच काढून टाकले होते.

बाईंनी एकतीस वर्षं चिन्ह चुकलं की अर्धा गुण कापला होता. रडणाऱ्या पोरांचाही कापला होता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

शेवटी समाधान काढलं, काढलेले नियम परत घातले, सात वेगवेगळ्या जागांहून सुरुवात करून दिली आणि आकडा अकरावर आला. अख्ख्या शाळेत, अख्ख्या आठवड्यात, मधले रिकामे तास फक्त अकरा. हाताने केलेल्या वेळापत्रकात कधी साठाच्या खाली आले नव्हते. बाईंनी घरं तपासली. चित्रकलेच्या सरांच्या आणि ग्रंथपालबाईंच्या ओळीवर बोट आलं तेव्हा ते थांबलं. सरांचे ऑफ तास सगळे दिवसाच्या शेवटी, ग्रंथपालबाईंचे सगळे सुरुवातीला. आठवड्यातला एकही तास एकत्र नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. भाचीला एक फोन. पण अकरा हा आकडा बाईंच्या डोक्यात असा बसला होता की तो बारा झालेला त्यांना चालणार नव्हता. शिवाय विज्ञानाच्या सरांना तो दाखवायचा होता. बाईंनी मनाची समजूत घातली, बावीस वर्षं झाली, आता दोघं मोठी माणसं आहेत, बोलायचं असेल तर शाळा सुटल्यावर बोलतील. सरांना निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, हेही त्यांना माहीत होतं. तेही त्यांनी बाजूला ठेवलं. माणूस आकड्याच्या नादी लागला की काय काय बाजूला ठेवतो.

वेळापत्रक तीन प्रतींत शिक्षण कार्यालयात गेलं, शिक्का होऊन आलं, टांगलं गेलं. शाळेने बाईंना पुष्पगुच्छ द्यायला बोलावलं. मोठ्या सरांनी अकरा हा आकडा चार वेळा उच्चारला. विज्ञानाचे सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंना जितकं वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

गुच्छ घेऊन बाई जिना उतरत होत्या, तर ग्रंथालयाच्या दारात चित्रकलेचे सर. आत ग्रंथपालबाई सातवीच्या पोरांना गप्प करत होत्या. सरांच्या हातात शिवलेलं पुस्तक होतं. बाईंना बघून ते हसले.

"छान झालंय वेळापत्रक," ते म्हणाले. "एक तासही वाया जात नाही."

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, सरळ केलं आणि गेले.

बाई घरी आल्या त्या सरळ लॅपटॉपपाशी. भाचीला फोन लावला आणि एका दमात सांगितलं, एक नियम राहिलाय. हे दोघं, मंगळवार, शुक्रवार, पाचवा तास, मोकळे. कारण विचारू नकोस. भाचीने विचारलं नाही. यंत्र अर्धा तास फिरलं.

उत्तर आलं, अकरा.

बाईंना वाटलं नियम गेलाच नाही. पण गेला होता. प्रोग्रॅमने दुसऱ्या कोणाकोणाचे चार रिकामे तास मिटवून या दोघांना दिले होते आणि बेरीज तेवढीच ठेवली होती. भाची म्हणाली, "असं होतं मावशी. अकरा आकड्याची पुष्कळ वेळापत्रकं असतात. त्याला जे आधी सापडलं ते त्याने दिलं. त्याला फरक पडत नाही गं. तू मागितलं असतंस तर हेच दिलं असतं."

फुकट दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या नवं वेळापत्रक घेऊन शिक्षण कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघून सांगितलं की शिक्का झालेलं वेळापत्रक वर्षअखेरपर्यंत बदलत नाही, बदलायचं तर अर्ज आणि त्यात कारण. कारणं छापील होती. शिक्षकाची बदली, दीर्घ रजा, मृत्यू, इमारत कोसळणे, इतर. बाईंनी "इतर" पुढे खूण केली. मग तिथे रिकामी ओळ होती, ती भरायची होती. बाईंनी पेन टेकवलं. शैक्षणिक कारण लिहावं तर ते खोटं. खरं लिहावं तर ते तीन प्रतींत फिरणार, मोठ्या सरांच्या टेबलावर, मग शिक्षकांच्या खोलीत, मग गप्पांच्या बाजारात. मागे रांग वाढली. कारकून म्हणाला, "बाई, इमारत कोसळली असेल तर तसं लिहा, लवकर होतं."

बाईंनी शेवटी "तपशील राहिला" असं लिहिलं. हे कारण पुरेसं नाही, असा शेरा मारून अर्ज महिन्याभराने परत आला. त्यांनी दुसरा केला. त्यावर पहिल्या अर्जाची प्रत जोडली नाही असा शेरा दिवाळीनंतर आला. तिसरा मंजूर झाला, पण तोवर वार्षिक परीक्षा लागल्या होत्या आणि परीक्षेत पाचवा तास नसतो.

चित्रकलेचे सर निवृत्त झाले आणि मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. आठ दिवसांनी ग्रंथपालबाई बाईंच्या घरी आल्या. यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. कापडी पिशवीतून एक गुंडाळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. जुनी वेळापत्रकं होती, हाताने केलेली. शाळा रद्दीत टाकत होती म्हणून त्यांनी मागून घेतली होती.

चहा झाला. आईची तब्येत, शाळेचा नवा रंग, असं बोलणं झालं. मग ग्रंथपालबाईंनी एक कागद उलगडला आणि मंगळवारच्या घरावर बोट ठेवलं.

"हे तुम्हीच द्यायचात ना?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"आम्हाला माहीत होतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच वर्षी सरांना दिसलं ते. चित्रकलेचा माणूस, ठिपका लगेच दिसतो त्यांना. दर वर्षी नवा तक्ता लागला की ते आधी तेवढं बघून यायचे."

"मग या वर्षी बोलला का नाहीत? मला, मोठ्या सरांना, कोणालाही?"

"काय बोलणार? मधल्या वर्षी तक्ता तुमचा नव्हता, ते समजलं. पण यंदा तुम्ही केलात आणि तरी ठिपका नाही, म्हणजे तुम्हाला आता पटत नसेल, असं आम्ही धरलं. वय झालं, लोक बोलत असतील. तुमच्या कानावर काही आलं असेल. तुम्ही उगाच काढणार नाही." त्यांनी कागद परत गुंडाळला. "मग शाळेबाहेरही नकोच म्हणाले सर. बाईंनी इतकी वर्षं सांभाळलं, आता त्यांना अडचणीत कशाला आणायचं."

बाई म्हणाल्या, अहो, ते मी नाही, कॉम्प्युटरने केलं. ग्रंथपालबाई समजुतीने हसल्या आणि म्हणाल्या, हो, पण त्याला सांगणाऱ्या तर तुम्हीच होतात ना. बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जाताना त्यांनी गुंडाळी टेबलावरच ठेवली. बाईंनी सरांचा पत्ता विचारला, तर तो त्यांनी घेतलेलाच नव्हता.

त्या सुट्टीत मोठे सर पुन्हा आले. भाची पुन्हा रजा घेऊन टेबलाशी बसली, मांड्यांवर ताटं गेली, मॅनेजर वर्तमानपत्र परत करायला आले आणि वहिनी भांडं. चित्रकलेला नवे सर होते, चोवीस वर्षांचे, कानात सदोदित गाणी. भाची जुना कागद समोर ठेवून नियम वाचून दाखवत होती. बेचाळीस झाले.

"अजून एक घाल," बाई म्हणाल्या. "ग्रंथपालबाई. मंगळवार, शुक्रवार, पाचवा तास. मोकळ्या."

"कोणाबरोबर?"

"नुसत्या मोकळ्या. कोणी आलं तर असाव्यात."

भाचीने टाईप केलं. मॅनेजर पुढे वाकले, चष्मा सारखा करून त्यांनी जुन्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, बाई, इथे डाग पडलेत बघा.

"डाग नाहीत," बाई म्हणाल्या. "ते मी दिलेत."